गच्चीवर कोणता अँटेना?

२२ जुलै २०२१ ची पहाट आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा अम्मी आणि धाकटी बहीण तिथल्या घरात होत्या. बहिणीचा फोन आला, "आपा, पाणी पायरीला लागलंय, सामान माळ्यावर नेतोय." त्यानंतर फोन लागेना. वीज गेली, टॉवर बंद पडले आणि रत्नागिरीत आम्ही हातात मोबाइल घेऊन नुसते बसून राहिलो. रस्त्याने जेमतेम ९० किलोमीटरचे अंतर, पण अम्मी खैरियतीने आहेत हे कळायला दोन दिवस लागले.

माझा थोरला तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्या दोन दिवसांत त्याने एकच प्रश्न धरून ठेवला होता, "अम्मी, फोनशिवाय बोलायचा दुसरा मार्गच नाही का?" मार्ग आहे हे त्याला पुढे शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात कळले. त्याचे नाव हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओ. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि आपल्या रेडिओवरून जगातल्या इतर परवानाधारकांशी बोलायचे. मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही, रिचार्ज नाही. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेले मूल ही परीक्षा देऊ शकते. 'रिस्ट्रिक्टेड' दर्जासाठी मोर्स कोडही लागत नाही. साधे इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम आले की पुरे. बारावीचा अभ्यास सांभाळून तो पास झाला. दुबईच्या मामूंनी खूश होऊन ईदी म्हणून अँटेनाचे पैसे कबूल केले, आणि तिथून आमच्या घरात खरी चर्चा सुरू झाली. कोणता अँटेना?

पोराने आधीच ठरवले होते, गच्चीवर एक उभी नळी, सहासात मीटर उंच, चार-सहा बँडवर चालणारी. दिसायला ऐटबाज आणि जागा कमी. मी विज्ञानाची शिक्षिका नाही, उर्दू आणि मराठी शिकवते. पण पैसे घरातून जायचे असतील तर समजून घेतल्याशिवाय होकार देत नाही. मी त्याला म्हटले, मला वर्गात शिकवतोस तसे शिकव. त्याने शिकवले, मी प्रश्न विचारले, आणि दोघांनाही पुष्कळ कळले. ते इथे मांडते, कारण या मासिकाच्या वाचकांच्या घरांतही अशी हौशी मुले-मुली असतीलच.

पहिली गोष्ट लांबीची. रेडिओच्या लहरीला लांबी असते. ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी साधारण ४० मीटर लांबीच्या, म्हणून त्याला '४० मीटर बँड' म्हणतात. १४ मेगाहर्ट्झचा २० मीटर, २१ चा १५ मीटर आणि २८ चा १० मीटर. उभा अँटेना नीट चालायला लहरीच्या पाव हिस्स्याएवढा उंच हवा. म्हणजे २० मीटर बँडसाठी सुमारे ५ मीटर, ४० मीटर बँडसाठी सुमारे १० मीटर. दहा मीटरची नळी म्हणजे तीन मजले! वस्तीतल्या गच्चीवर ती उभी कशी करायची? म्हणून बाजारात आखूड, अनेक बँडचे अँटेना मिळतात. आखूडपणा चार प्रकारे साधला जातो आणि प्रत्येकाची किंमत वेगळ्या तऱ्हेने मोजावी लागते.

पहिला प्रकार ट्रॅपचा. नळीमध्ये ठरावीक अंतरावर कॉइल आणि कपॅसिटर यांची जोडी बसवतात. ही जोडी म्हणजे शाळेच्या फाटकावरचा दरवान समजा. वरच्या बँडची लहर आली की तिला तिथेच अडवतो, मग नळीचा खालचा भागच अँटेना म्हणून काम करतो. खालच्या बँडची लहर आली की पुढे जाऊ देतो. 'हसलर ४बीटीव्ही' हा याचा जुना, माहितीतला नमुना. उंची साधारण साडेसहा मीटर. १०, १५, २० आणि ४० मीटर असे चार बँड.

दुसरा प्रकार आणखी लहान, कॉइल आणि छोट्या आडव्या काड्या असलेला. 'डायमंड सीपी-६' साडेचार मीटरच्या आसपास आहे आणि ८० पासून ६ मीटरपर्यंत सहा बँड देतो. बाल्कनीवाल्यांना हा परवडतो, पण खालच्या बँडवर तो फारच अरुंद चालतो. थोडी फ्रिक्वेन्सी बदलली की जुळणी बिघडते.

तिसरा प्रकार 'काहीच करू नका'वाला. बुडाशी ट्रान्सफॉर्मर, बाकी एक सरळ नळी. जमिनीवर तारा नकोत, जुळवणी नको. सुमारे सात मीटर उंचीचा 'कॉमेट सीएचए-२५०' या जातीचा.

चौथा प्रकार म्हणजे फायबरच्या काठीवर तार बांधायची आणि बुडाशी आपोआप जुळवून घेणारा ट्यूनर ठेवायचा. चांगला प्रकार आहे, पण ट्यूनर महाग आणि पावसात उघड्यावर राहणार.

पोराला तिसरा आवडला होता. "अम्मी, सगळ्या बँडवर एसडब्ल्यूआर कमी दाखवतो!" एसडब्ल्यूआर म्हणजे रेडिओने पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत येते याचे माप. १ म्हणजे काहीच परत येत नाही, २ म्हणजे सुमारे ११ टक्के परत येते. मी भोळेपणाने विचारले, "परत येत नाही म्हणजे हवेतच गेली, असं कशावरून?" तो गप्प झाला. मग त्यानेच सांगितले की चाचणीसाठी 'डमी लोड' नावाचा डबा असतो. आत फक्त ५० ओमचा रोध. त्याचा एसडब्ल्यूआर अगदी १ येतो आणि तो काहीही प्रसारित करत नाही, नुसता गरम होतो. एसडब्ल्यूआर चांगला म्हणजे अँटेना चांगला, असे नाही. ज्या अँटेनात जुळवणीसाठी ट्रान्सफॉर्मरवर भिस्त ठेवली आहे, त्यात शक्तीचा काही वाटा उष्णता होऊन जातो. सोय मिळते, पण ती फुकट मिळत नाही.

दुसरा मुद्दा जमिनीचा. उभा अँटेना हा अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा म्हणजे बुडाशी पसरलेल्या तारा. त्यांना 'रेडियल' म्हणतात. टाळी एका हाताने वाजत नाही. पाच मीटरची आखूड नळी ४० मीटर बँडवर वापरली तर तिचा प्रसारणाचा रोध जेमतेम साडेपाच ओम भरतो. तारा अपुऱ्या असल्यामुळे जमिनीतला तोटा १५ ओम आहे असे धरा. मग १०० वॅटपैकी सुमारे २७ वॅट हवेत जातात, बाकीचे जमीन गरम करतात. तारा वाढवून तोटा ५ ओमवर आणला तर ५२ वॅट जातात. म्हणजे थोड्याशा तांब्याच्या तारेने जवळजवळ दुप्पट काम झाले. पूर्ण दहा मीटरच्या नळीचा रोध ३६ ओमच्या आसपास असतो, त्यामुळे १५ ओमच्या वाईट जमिनीवरही ७० वॅट निघतात. कॉइलमधला तोटा यात धरलेलाच नाही.

तेव्हा दुकानदार म्हणाला की "रेडियल नकोत", तर विचारायचे, मग दुसरा अर्धा कुठे आहे? पुष्कळदा तो कोएक्स केबलच्या बाहेरच्या अंगावर असतो. म्हणजे केबलच अँटेना बनते आणि लहरी घरात येतात. यासाठी केबल फेराइटच्या कड्यातून काही वेढे देऊन आणतात. जमिनीवर अँटेना असेल तर १६ ते ३२ तारा पसराव्यात, त्यांची लांबी अचूक नसली तरी चालते. गच्चीवर असेल तर प्रत्येक बँडसाठी पाव लहरीच्या किमान दोन, शक्यतो चार तारा. २० मीटरसाठी ५ मीटर, १० मीटरसाठी अडीच मीटर.

आता खरा प्रश्न, जो आम्ही सगळ्यात शेवटी विचारला आणि जो सगळ्यात आधी विचारायला हवा होता. बोलायचे कोणाशी?

उभा अँटेना लहरी क्षितिजाच्या जवळून, खालच्या कोनात फेकतो. त्या वातावरणातल्या आयनांच्या थरावर आपटून हजारो किलोमीटर दूर उतरतात. युरोप, जपान यांच्यासाठी उत्तम. पण मधल्या पट्ट्यात, जिथे जमिनीवरून जाणारी लहर संपलेली असते आणि आकाशातली अजून उतरलेली नसते, तिथे शांतता! आमचे चिपळूण नेमके त्या पट्ट्यात. मध्ये डोंगर आहेत, त्यामुळे लहान हँडसेटवरही भरवसा नाही. जवळच्या दोन-चारशे किलोमीटरसाठी लहर जवळजवळ सरळ वर जाऊन तशीच खाली यायला हवी. त्यासाठी दिवसा ४० मीटर बँडवर कमी उंचीवर आडवी बांधलेली साधी तार जास्त कामाची, रात्री ८० मीटर.

पोराचा चेहरा उतरला. ज्या पुरासाठी हे सगळे सुरू केले, त्या पुरात ती ऐटबाज नळी मुकी राहिली असती. मीही क्षणभर काही बोलले नाही. मग तोच म्हणाला, "आणि अम्मी, वीज तरी कुठे असणार?" रेडिओ १०० वॅटवर बोलताना १३.८ व्होल्टवर साधारण २० अँपियर ओढतो. बॅटरीचा तर आम्ही विचारच केला नव्हता.

मामूंना सगळे खरेखरे कळवले. त्यांच्या परवानगीने ईदीतला मोठा हिस्सा बॅटरीत गेला. अँटेना म्हणून गच्चीच्या मध्यभागी सहा मीटरचा खांब, त्याच्या टोकापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार, उलट्या व्ही अक्षरासारखी. आमची गच्ची १२ बाय १५ मीटर आहे, त्यामुळे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती बरोबर बसली. उभा अँटेना रद्द झालेला नाही. दूरदेशी बोलायला तो हवाच, पण तो दुसऱ्या नंबरवर गेला. घेऊ तेव्हा ट्रॅपवाला घेऊ, चार बँडांचा, आणि तारा कठड्याच्या कडेने पुऱ्या पसरू.

गच्ची एकट्याची नव्हती, म्हणून शेजाऱ्यांना बोलावून चहा पाजला आणि आधी परवानगी मागितली. वरच्या खालाजानना कपडे वाळवायच्या तारेची काळजी होती. त्यांची लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी लावून दिली. अँटेनाजवळ धातूची तार तशीही नको होती. तारेच्या टोकांना बोलताना मोठा दाब असतो, म्हणून ती मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच बांधली. खांब पडला तरी विजेच्या तारांवर पडणार नाही, हे दोरीने मोजून पाहिले. यात तडजोड नाही. या एका चुकीने जीव जातो. ताण द्यायला धातूच्या तारा नाहीत, दोऱ्याच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनकडे काय केले ते आमच्या नातेवाइकांनी पाहिले आहे, म्हणून वादळाची सूचना आली की खांब खाली उतरवायचा असे ठरवले. खांबाला अर्थिंग केले. मे आणि ऑक्टोबरमध्ये विजा कडाडू लागल्या की केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवायची, हा नियम भिंतीवर लिहून चिकटवला आहे. समुद्राची खारी हवा सांध्यांना खाते; तिथे रबरासारखी चिकटपट्टी गुंडाळून दर पावसाळ्याआधी उघडून पाहायची.

आणखी एक, यंत्र घेण्याआधी परवाना. आणि हे फुकटचे टेलिफोन नव्हे. धंद्याची बोलणी चालत नाहीत, गुप्त भाषा चालत नाही, आणि पलीकडेही परवानाधारकच लागतो.

एका रविवारी सकाळी पोराने पहिल्यांदा आपले नाव पुकारले. पुण्याच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी उत्तर दिले, "आवाज ५९, बेटा, अगदी स्वच्छ." त्याचे अब्बा वर्तमानपत्र खाली ठेवून उठून उभे राहिले. मी स्वयंपाकघरातच डोळे पुसले.

चिपळूणला फोन करून अम्मीला सांगितले. त्या म्हणाल्या, "पुण्याशी बोलला, ठीक आहे. आमच्याशी कधी बोलणार?" बरोबरच आहे. तिकडे माणूस हवा. बहिणीची मुलगी नववीत आहे, चौदा वर्षांची. परीक्षेची पुस्तके मी गेल्या आठवड्यात तिच्याकडे पोहोचवली. पुढच्या पावसाळ्याआधी ती पास झाली तर तिकडच्या गच्चीवरची तार बांधायला आम्ही सगळे जाणार आहोत.