इम्पोर्टेड टाकू का देशी?

परवा भाचा जेवायला आला होता. मोठ्या कंपनीत आहे, वाचन चांगलं आहे, आणि मावशीशी वाद घालायची सवय लहानपणापासूनची. विषय निघाला दवाखान्याच्या खर्चाचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. "अगं मावशी, फोनचं बघ, विमानाच्या तिकिटाचं बघ. स्पर्धा आली आणि भाव उतरले. सरकारने मध्ये मध्ये करणं थांबवलं की उपचारही आपोआप स्वस्त होतील."

मी बी.ए.ला अर्थशास्त्र शिकले, तेही मराठीतून. मागणी-पुरवठ्याच्या त्या दोन रेघा खोट्या आहेत असं मला आजही वाटत नाही. माझ्याच मोतीबिंदूचं घ्या ना. २०१६ साली डॉक्टर म्हणाले, घाई नाही, चार-सहा महिन्यांत करून घ्या. मग मी वहीत तीन रकाने आखले (खोड जात नाही!) आणि तीन ठिकाणी फोन केले. भिंग कोणतं, पैसे किती, तपासण्या त्यात धरल्यात का? "दुसरीकडे कमी सांगतात," म्हटल्यावर एका ठिकाणी दोन हजार उतरलेसुद्धा. अगदी मंडईसारखं. आणि ते भिंग मुळात स्वस्त झालं, कारण मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ते इथेच बनवायला घेतलं. शंभर डॉलरची वस्तू दहाच्या आसपास आली. ऑरोलॅब नफ्यासाठी काढलेली नव्हती, हे भाचा सोयीस्कर विसरतो. पण असो, मोतीबिंदूच्या पेपरात त्याला पूर्ण गुण.

आता त्याच्या आदल्या वर्षीची एक रात्र सांगते.

रात्री अडीचला ह्यांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि जे जवळ होतं तिथे नेलं. ह्यांना आत घेतलं. थोड्या वेळाने एक तरुण मुलगा फाईल घेऊन बाहेर आला. "आजी, दोन स्टेंट लागतील. इम्पोर्टेड टाकू का देशी?" मी विचारलं, फरक काय? "इम्पोर्टेड चांगले असतात." "मग तेच टाका बाबा." झालं. बाजार म्हणायचा तो एवढाच भरला. एकेकाचे लाखाच्या वर लागले. तो दोन लाख म्हणाला असता तरी मी हेच उत्तर दिलं असतं. आणि वीस हजार म्हणाला असता, तर खरं सांगते, मी घाबरले असते. इतकी स्वस्त वस्तू काळजात बसवायची?

ह्या प्रश्नाचं उत्तर मला दोन वर्षांनी वर्तमानपत्रात मिळालं. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, कर वेगळा. त्याआधी छापील किंमत सरासरी १,२१,४०० होती! साध्या धातूच्या स्टेंटची ४५,१०० वरून ७,२६०. आणि प्राधिकरणानेच जी माहिती बाहेर काढली तिच्यात नफ्याचा सगळ्यात मोठा घास रुग्णालयांचा होता, काही ठिकाणी सहाशे टक्क्यांच्याही वर.

मी पुन्हा पुन्हा विचार केला, की कंपन्या काही कमी नव्हत्या. देशी होत्या, परदेशी होत्या, एकमेकींशी झुंजत होत्या. मग भाव का उतरला नाही? तर ती झुंज माझ्यासाठी नव्हतीच. स्टेंट निवडणारं रुग्णालय आणि पैसे भरणारी मी. जी कंपनी छापील किंमत जास्त ठेवेल तिला रुग्णालयाच्या पदरात जास्त टाकता येणार, आणि तिचाच माल उचलला जाणार. म्हणजे स्पर्धा भरपूर होती, फक्त ती भाव चढवण्याची होती. केनेथ ॲरो नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच मांडून ठेवलं आहे, की आजारी माणूस हे साधं गिऱ्हाईक नसतं. आपल्याला काय लागणार ते त्याला कळत नाही, ते विकणाऱ्यालाच कळतं.

भाचा गप्प बसणाऱ्यातला नाही. किंमत बांधल्यावर काही परदेशी कंपन्यांनी आपले नवे स्टेंट काढून घ्यायला अर्ज केले होते, हे त्याने लगेच काढलं. खरं आहे ते. त्याने न काढलेलं मीच सांगते. २०१८ मध्ये त्याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तर किरकोळ वापराच्या वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा सापडला. म्हणजे फुगा एकीकडे दाबला तर दुसरीकडे फुगणार. म्हणून माझं मत असं, की जिथे मला वही काढून फोन करता येतो तिथे बाजार खुशाल मोकळा ठेवा. जिथे माणूस स्ट्रेचरवर आहे तिथे दर आधी बांधलेला हवा, आणि तो सगळ्या बिलाचा हवा, एका वस्तूचा नव्हे.

आणि मोकळा बाजार आपोआप उगवतो हेही मला पटत नाही. २००१ साली सिप्लाने एड्सची तिहेरी औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्या दहा हजारांच्या वर घेत होत्या. ही स्पर्धा शक्य झाली ती १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. औषधाचं नव्हे, फक्त ते बनवण्याच्या रीतीचं पेटंट मिळेल, असं सरकारनेच ठरवलं होतं. २००५ मध्ये ती सवलत गेली.

वाद अर्धाच राहिला. काल भाच्याने तीन कागद फोनवर पाठवले. त्याच्या आईचे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, गुडघे बदलायचेत. घाई नाही, म्हणून पठ्ठ्याने तीन रुग्णालयांकडून खर्च मागवला. कृत्रिम सांध्याची किंमत तिन्हीकडे जवळजवळ सारखीच आहे, कारण तिलाही ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली गेली. बाकीच्या रकमांत मात्र दीड लाखाचा फरक. एकात फिजिओथेरपी धरलेली, दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात 'इतर' म्हणून एकच आकडा, साठ हजारांचा. खाली भाच्याने लिहिलंय, "मावशी, यातलं स्वस्त कुठलं ते तूच सांग."

मी वही घेऊन बसले आहे. 'इतर' कुठल्या रकान्यात घालायचं ते अजून ठरत नाही.