दिलगिरी नको, इशारा हवा

आमच्या मध्य प्रदेशात रस्ता खणला की बहुधा सर्वप्रथम उभा राहतो तो ‘असुविधा के लिए खेद है’ हा फलक. खेद व्यक्त झाला, कर्तव्य संपले! खड्डा किती अंतरावर आहे, कोणत्या बाजूने जायचे, वेग किती ठेवायचा, याविषयी फलक मौन पाळतो. आणि अपघात घडला की सारा दोष वाहनचालकाच्या बेशिस्तीचा ठरतो. चालक सारेच साधू नाहीत, हे मान्य. तरीही या सोयीस्कर समजुतीला माझा स्पष्ट विरोध आहे.

ताशी 80 किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला 22 मीटर धावते. धोका उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरले, तरी 55 मीटर संपतात. मोटार पूर्ण थांबण्यास सुमारे 120 मीटर लागतात. मग खड्ड्याच्या काठावर ठेवलेले पिंप अंधाऱ्या रात्री कोणाला वाचविणार? तेथे शिस्तप्रिय चालकही असहाय असतो.

नियमांचा तुटवडा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2014 च्या मार्गदर्शिकेत अशा जागेचे चार टप्पे सांगितले आहेत: आगाऊ सूचना, मार्गबदल, प्रत्यक्ष काम आणि वाहतूक पूर्ववत होणे. आपल्याकडे बहुधा तिसराच टप्पा दिसतो. त्याहून घातक म्हणजे, काम आटोपून महिने लोटले तरी ‘काम चालू आहे’ हा फलक उभाच राहतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. तीच आपली यंत्रणा रस्त्यावर रोज घडवते. खोट्या फलकाची सवय झालेला चालक खऱ्या फलकापुढे वेग कमी करीत नाही, यात नवल ते काय?

मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 198-अ आले. रस्त्याचे सुरक्षा-निकष न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास ठेकेदार, सल्लागार व संबंधित प्राधिकरण यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे या कलमान्वये दंडाची वेळ येते ती माणूस मेल्यावर किंवा पंगू झाल्यावर! 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली, हे केंद्र शासनाचेच आकडे सांगतात.

शासकीय सेवेत आयुष्य घालविल्यावर एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे: देयक अडले की ठेकेदाराला नियम आठवतात. तेव्हा फलक योग्य अंतरावर लावल्याची, रात्री तो दिसत असल्याची आणि काम संपताच हलविल्याची नोंद असल्याशिवाय एकही देयक मंजूर होऊ नये. फलक हे शासनाने नागरिकाला दिलेले वचन आहे. ते खरे असेल, तरच ते पाळण्याची अपेक्षा आमच्याकडून करावी.