विश्लेषण : गाडीच्या रंगाचे पापुद्रे सुटताहेत, घरी दुरुस्ती करावी का?

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या आणि शहराचे नाव देशभर गाजले. वाळूजला दुचाकी आणि शेंद्र्याला मोटारी तयार होणाऱ्या छत्रपती संभाजीनगरला गाडीचे कौतुक नवे नाही. मात्र वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे आणि सुटलेले पापुद्रेही इथे सर्रास दिसतात. त्यावरच्या घरगुती उपायांचे व्हिडिओ मोबाइलवर भरपूर आहेत. त्यातले काही उपयोगाचे, बरेच फसवे आणि एखाद-दुसरा थेट घातक आहे.

नेमके काय सुटते?

सुटतो तो रंग नव्हे, रंगावरचा पारदर्शक थर. म्हणजे क्लिअर कोट. पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर हा थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. ऊन, पाऊस, धूळ हे सगळे तोच झेलतो. अतिनील किरणे रोखणारी त्यातली रसायने संपत गेली की थर ठिसूळ होतो, त्याला चिरा पडतात आणि तो रंगापासून सुटू लागतो.

इथे कारणे कोणती?

पहिले कारण ऊन. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. दुसरे कारण पाणी. जायकवाडी जवळ असूनही शहराला वर्षानुवर्षे कित्येक दिवसांआड पाणी मिळत आले आहे. त्यामुळे गाडी धुण्याऐवजी कोरड्या फडक्याने धूळ पुसली जाते आणि तीच धूळ थर घासत राहते. बोअरचे जड पाणी उन्हात वाळले की क्षारांचे डाग उरतात, ते वेगळेच.

पॉलिशने भागते का?

नाही. थर नुसता निस्तेज झाला असेल तर पॉलिशने चकाकी येते. सुटलेला थर मात्र पुन्हा चिकटत नाही. डिझेल, खोबरेल किंवा टूथपेस्ट चोळून आलेली चमक फार टिकत नाही. वारंवार रबिंग केल्याने तर उरलेला थरही झिजतो.

घरी काय करता येते?

चट्टा तळहाताएवढा असेल आणि खालचा रंग शाबूत असेल तर घरी प्रयत्न करायला हरकत नाही. जागा शाम्पूने धुऊन कोरडी करावी आणि भोवती मास्किंग टेप व कागद लावावा. ८०० नंबरच्या वॉटर पेपरने ओल्यानेच सुटलेल्या कडा घासाव्यात, मग १००० नंबरचा वापरावा. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. घासताना पाणी पांढरट असेल तोवर थर निघतो आहे. पाण्याला गाडीचा रंग आला की लगेच थांबावे. मेटॅलिक रंग घासला गेला तर त्याच कोडचा रंग आधी मारावाच लागतो.

जागा पूर्ण कोरडी झाल्यावर क्लिअर स्प्रेचे तीन-चार पातळ हात द्यावेत. दोन हातांमध्ये १० ते १५ मिनिटांचे अंतर ठेवावे. काम सावलीत, वारा नसताना आणि मोकळ्या जागेत करावे. जवळ गॅस किंवा पेटती उदबत्ती नसावी. डब्यावर सांगितलेला वेळ वाळू दिल्यावर २००० नंबरचा पेपर आणि पॉलिश फिरवावे. एवढे करूनही जोड थोडा दिसतोच आणि काही काळाने तिथूनच थर पुन्हा सुटू शकतो.

कुठे थांबावे?

हार्डनर मिसळावा लागणारा ‘टू-के’ क्लिअर कोट टिकाऊ असतो, म्हणून तो घरीच मारण्याचा सल्ला दिला जातो. तो मानू नये. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो आणि कापडी किंवा साधा मास्क तो अडवत नाही. हे काम बूथ आणि योग्य मास्क असलेल्या ठिकाणीच व्हावे. अनेक छोट्या गॅरेजमध्ये रंगारी तोंडाला रुमाल बांधूनच फवारणी करतात. सर्वांत कमी दर शोधताना त्या कामगाराच्या फुप्फुसांची किंमत कोण मोजते, हेही ग्राहकाने विचारायला हवे.

शहाणपण कशात?

घरच्या दुरुस्तीतून शोरूमची चकाकी मागू नये, संरक्षण मागावे. उघड्या पडलेल्या रंगातून ओल प्रायमरपर्यंत आणि पुढे पत्र्यापर्यंत पोहोचली की गंज लागतो आणि खरा खर्च तिथून सुरू होतो. छोटा चट्टा वेळीच झाकला तर तो काही काळ टळतो. अख्खे बॉनेट किंवा टप सोलवटले असेल तर तो संपूर्ण भाग गॅरेजमध्ये रंगवून घेणेच परवडते.

थर शाबूत असलेल्यांसाठी उपाय याहून स्वस्त आहे. गाडी सावलीत लावावी, पक्ष्यांची विष्ठा लगेच ओल्या फडक्याने काढावी आणि अधूनमधून वॅक्स लावावे. बादलीभर पाणी मिळेपर्यंत गाडी धुळकट राहिली तरी चालेल; कोरडे फडके मात्र लावू नये.