दार उघडे आहे, जिना कुठे आहे?

वॉर्डात सगळ्याच ‘सिस्टर’ असतात. खाटेवरच्या पेशंटला आणि त्याच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाला त्यांच्यातला फरक ठाऊक नसतो. सरकारी नोंदवहीत मात्र तो स्पष्ट आहे. एका सिस्टरच्या नावापुढे एएनएम असते, दुसरीच्या नावापुढे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग. पहिलीने दुसरी व्हायचे ठरवले, तर नोकरी सांभाळून तिला ते शक्य आहे का? आज त्याचे उत्तर ‘जवळजवळ नाही’ असे आहे. हा प्रश्न केवळ त्या सिस्टरच्या पगाराचा किंवा बढतीचा नाही. रात्री दोन वाजता तुमच्या आईच्या खाटेजवळ कोण उभे असेल आणि तिला काय कळत असेल, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

आधी फरक समजून घेऊ. एएनएम म्हणजे सहायक परिचारिका व प्रसाविका. बारावीनंतरचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. स्वातंत्र्यानंतर खेड्यापाड्यांत आरोग्यसेवा नेण्यासाठी ही परिचारिका घडवली गेली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिच्याकडे बहुउद्देशीय आरोग्य सेविकेचे काम आले. मैदानी भागात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा आपला निकष आहे. गरोदर बायकांची तपासणी, बाळंतपण, लसीकरण, कुटुंब नियोजन ही तिथली कामे हीच सेविका करते. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. त्यात मेडिसिन, शस्त्रक्रिया, बालरोग, मनोविकार, ऑपरेशन थिएटर, अतिदक्षता अशा सगळ्या विभागांत प्रत्यक्ष काम करून शिकावे लागते. नर्सिंग कौन्सिलकडे या दोघींची नोंदणीही वेगवेगळी होते.

प्रत्यक्षात काय दिसते? सोलापूर शहरात, तसेच बार्शी, पंढरपूर, अकलूज, सांगोला अशा गावांतल्या लहान-मध्यम खासगी रुग्णालयांत रात्रपाळीचा मोठा भार एएनएम झालेल्या मुलींच्या खांद्यावर असतो. त्यांना घडवले उपकेंद्रासाठी, पण त्या काम करतात वॉर्डात. सलाईन, इंजेक्शने, कॅथेटर, ऑपरेशननंतरची देखरेख असे सगळे त्या हाताखाली राहून शिकतात. दहा-बारा वर्षांत त्यांचे हात इतके तयार होतात की नवे डॉक्टरही शीर सापडली नाही की त्यांनाच हाक मारतात. पूर्व भागातल्या आजींशी तेलुगूत आणि अक्कलकोटच्या सीमेवरून आलेल्या पेशंटशी कानडीत बोलणारी सिस्टर बहुधा त्यांच्यातलीच असते. काम स्टाफ नर्सचे असते, पण पगाराच्या दिवशी तिला आठवण करून दिली जाते की तू एएनएम आहेस.

इथे कुणी म्हणेल की काम येत असेल तर कागदाची काय गरज? मला हे मान्य नाही. हात तयार होणे वेगळे आणि त्यामागचे कारण कळणे वेगळे. एक उदाहरण देतो. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येऊ लागले, तर मॅग्नेशियम सल्फेट हे जीव वाचवणारे औषध आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रशिक्षित एएनएम त्याचा पहिला डोस स्नायूत देऊ शकते. दोन्ही नितंबांत प्रत्येकी ५ ग्रॅम देऊन तिने बाईला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवायचे असते. या एका सवलतीने खेड्यापाड्यांतल्या बायकांसाठी मोठे काम झाले आहे. पण बाई वॉर्डात पोहोचली की पुढचा प्रश्न इंजेक्शन टोचण्याचा नसतो. पुढच्या प्रत्येक डोसआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत आहे का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, लघवी ताशी निदान ३० मिलिलिटर होते आहे का, हे पाहावे लागते. औषध शरीरात साठले तर आधी गुडघ्याचा झटका जातो आणि मग श्वास मंदावतो. अशा वेळी औषध थांबवून कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवायचे असते. मूत्रपिंड, स्नायू आणि श्वास यांची ही साखळी जिला समजली आहे, ती सिस्टर डॉक्टरला वेळेवर उठवते. जिला समजलेली नाही, ती चार्टवर लिहिले आहे म्हणून पुढचा डोस देते. दोघींचे हात सारखेच कुशल असतात.

परिचारिकेच्या शिक्षणाचा पेशंटच्या जिवाशी संबंध आहे, याचा मोठा अभ्यासही झाला आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातील ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांमधील शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ४ लाख २२ हजार रुग्णांची माहिती तपासली. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. उलट, पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले की ती शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे आणि युरोपातला आहे, त्यामुळे त्याचे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत. तरी दिशा स्पष्ट आहे. परिचारिकांची संख्याही हवी आणि त्यांचे शिक्षणही हवे.

मग एएनएमने पुढे शिकावे कसे? नियमात दार उघडे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार नोंदणीकृत एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो आणि इतरांसाठी असलेली ३५ वर्षांची वयोमर्यादा तिला लागू नाही. पण दारातून आत गेल्यावर तिला बसायचे असते पहिल्याच वर्षाच्या बाकावर, कालच बारावी झालेल्या मुलीशेजारी. तिची दोन वर्षांची पढाई आणि दहा वर्षांचा वॉर्ड यांचे गुण शून्य. तीनही वर्षे पूर्णवेळ, म्हणजे नोकरी सोडायची. विडी वळून आईने शिकवलेली, लग्नानंतर स्वतःच्या पगारावर घर चालवणारी बाई तीन वर्षे बिनपगारी कशी राहील? वर फीही भरायची. सरकारी सेवेतल्या एएनएमला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाने आरोग्य सहायिका होता येते. ती बढती चांगली आहे, पण ती देखरेखीच्या कामाची आहे. त्याने जीएनएमची नोंदणी मिळत नाही.

गंमत म्हणजे, याच शिडीच्या वरच्या पायरीसाठी सोय आपण केव्हाच केली आहे. जीएनएम होऊन नोकरी करणाऱ्या परिचारिकांसाठी इग्नूने १९९४ मध्ये पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगचा दूरशिक्षण अभ्यासक्रम सुरू केला. पुस्तके घरी वाचायची आणि प्रात्यक्षिके ठरवून दिलेल्या रुग्णालयात करायची. नोकरी न सोडता पदवीधर होण्याची वाट त्यामुळे तयार झाली. म्हणजे ही गोष्ट मुळात अशक्य नाही. फक्त ज्या पायरीवर सगळ्यात गरजू बाई उभी आहे, तिथेच जिना नाही.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न सोडवलेला आहे. अमेरिकेत आपल्या एएनएमच्या जवळपासच्या दर्जाच्या परिचारिकेला प्रॅक्टिकल नर्स म्हणतात. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात तिचे नाव व्होकेशनल नर्स. तिच्यासाठी ‘ब्रिज’ अभ्यासक्रम असतात. आधीच्या शिक्षणाचे श्रेय मिळते, अनेक ठिकाणी संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी वर्ग भरतात, पण शेवटी रजिस्टर्ड नर्सची परीक्षा सगळ्यांना एकच. ब्रिटनने १९४३ च्या कायद्याने सहायक परिचारिकांची वेगळी नोंदवही केली होती. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिक्षणपद्धती बदलताना तो दुय्यम दर्जा नव्याने देणे थांबवण्याचे ठरले. आधीच सेवेत असलेल्या बायकांना मात्र वाऱ्यावर सोडले नाही. त्यांच्यासाठी रूपांतर अभ्यासक्रम काढले, त्यातले काही नोकरी करत पूर्ण करता येत होते.

अशा सवलतीने दर्जा घसरेल, हा पहिला आक्षेप येईल. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर परीक्षेत आहे. वाट वेगळी असावी, परीक्षा तीच असावी. दुसरा आक्षेप रुग्णालयचालकांचा असेल. आधीच माणसे कमी, त्यात हिला वर्गाला सोडले तर वॉर्ड कोण पाहणार? पण आज हीच मुलगी दोन-तीन वर्षांत कंटाळून हजार रुपये जास्त देणाऱ्या शेजारच्या रुग्णालयात जाते आणि नव्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते, हा खर्च कुणी मोजत नाही. तिसरा आक्षेप खेड्यांचा आहे. सगळ्या एएनएम जीएनएम झाल्या तर उपकेंद्रे ओस पडतील, असे म्हटले जाईल. पण कुणाला अडवून ठेवून सेवा टिकत नाही. उपकेंद्रात रिकाम्या जागा भरणे आणि पगार वेळेवर देणे हे त्यावरचे औषध आहे.

माझ्या मते हा जिना असा असावा. नोंदणीकृत एएनएम म्हणून रुग्णालयात किमान पाच वर्षे काम केलेल्यांची लेखी आणि प्रात्यक्षिक चाचणी घ्यावी. त्यात जे येते असे सिद्ध होईल, तेवढा अभ्यासक्रम माफ करून उरलेला साधारण दोन वर्षांत पूर्ण करू द्यावा. आठवड्याचे दोन दिवस वर्गाचे धरावेत आणि ते भरपगारी असावेत. सिद्धांताचा काही भाग ऑनलाइन चालेल, पण वॉर्डातले शिक्षण वॉर्डातच व्हायला हवे. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यातील मोठ्या सरकारी रुग्णालयांचे दरवाजे उघडावेत. मराठी, कानडी माध्यमातून आलेल्या मुलींसाठी सुरुवातीला इंग्रजी आणि औषधांच्या हिशेबाची सहा महिन्यांची तयारी हवी. रुग्णालयाने फीचा वाटा उचलावा आणि बदल्यात दोन वर्षांच्या सेवेचा करार करावा. मात्र मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवून ठेवण्याला सक्त मनाई हवी.

आणखी एक अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रात्रपाळी करून सकाळी थेट वर्गात बसवायचे नाही. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी घसरते. रात्रभर वॉर्ड, सकाळी वर्ग, दुपारी स्वयंपाक आणि रात्री पुन्हा ड्युटी अशी बाई शिकतही नाही आणि तिच्या हातून डोस चुकण्याचा धोका वाढतो. ‘जिद्दी सिस्टर’ म्हणून अशा जागरणांचे कौतुक आपण थांबवले पाहिजे. अभ्यासाला लागणारा वेळ ड्युटीच्या तक्त्यातच मिळायला हवा.

हे सांगण्याची वेळही योग्य आहे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला आहे. शिक्षणाचे निकष नव्याने लिहिले जाताना एएनएमसाठी ही वाट त्यात यावी, यासाठी राज्य सरकार, नर्सिंग कौन्सिल, परिचारिकांच्या संघटना आणि डॉक्टरांच्या संघटनांनीही आग्रह धरायला हवा. डॉक्टरांनी विशेषतः, कारण रात्री आपण ज्यांच्या भरवशावर झोपतो, त्या याच आहेत.

तोवर पुढे शिकू पाहणाऱ्या भगिनींना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आपल्या नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करा. प्रत्येक नोकरी सोडताना तारखांसह अनुभवाचे पत्र घ्या. उद्या सवलत आली तर तेच कामी येईल. ‘घरबसल्या जीएनएम’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. जीएनएम पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे आणि मान्यता नसलेल्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर कौन्सिलची नोंदणी होत नाही. प्रवेशाआधी संस्थेचे नाव कौन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते स्वतः पाहा. एजंटाच्या शब्दावर जाऊ नका.

नातेवाइकांनीही एक करावे. रुग्णालय निवडताना आपण मशीन कोणते आहे, एसी आहे का, कॅशलेस आहे का, हे विचारतो. त्यासोबत रात्री वॉर्डात नोंदणीकृत परिचारिका किती असतात, हेही विचारा. हा प्रश्न वारंवार कानावर पडू लागला की आपल्या एएनएमला पुढे शिकवणे रुग्णालयांना खर्च नव्हे, गरज वाटू लागेल.