बटेर लहान, हिशेब मोठा



कापसाला भाव मागितला की उत्तर ठरलेले: 'जोडधंदा करा.' कधी शेळी, कधी कोंबडी, आता बटेर. पाच आठवड्यांत विक्रीला तयार, सहा-सात आठवड्यांत अंड्यावर, जागा कमी, असे सांगतात. यात खोटे काही नाही. पण सांगणारा अर्धेच सांगतो. उरलेला अर्धा भाग घराचा आणि दाण्याचा आहे, आणि सारा खर्च तिथेच आहे.

हा पक्षी म्हणजे आपल्या धुऱ्यावरचा लावा नव्हे. रानातला लावा धरणे गुन्हा आहे. पाळायचा तो जपानी बटेर. 1974 साली तो परदेशातून उत्तर प्रदेशात इज्जतनगरला आणला आणि तिथल्या संशोधन केंद्रात त्याची पैदास सुरू झाली. गावरान कोंबडीसारखा तो उकिरड्यावर पोट भरत नाही.

आधी घर. पिल्लू अवघे सात-आठ ग्रॅमचे. पहिल्या आठवड्यात त्याला 35 ते 37 अंश ऊब लागते. डिसेंबरच्या रात्री वीज गेली की पिल्ले एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. पाण्याच्या भांड्यात गोटे टाकले नाहीत तर त्यातच बुडतात. पुढे मे महिना. अकोला-अमरावतीत पारा 45 च्या घरात जातो. उघड्या टिनाखाली पक्षी धापा टाकतो, दाणा कमी खातो, वाढ थांबते, अंडी घटतात. टिनावर कडबा किंवा तुराट्या टाका, बाजूंना ओली पोती बांधा, पण हवा कोंडू नका. पिंजऱ्यात एका मोठ्या पक्ष्याला 150 ते 200 चौरस सेंटिमीटर जागा हवी. दाटी केली की ते एकमेकांना टोचतात. शेडात शिरताच आपले डोळे चुरचुरले, तर पक्ष्याचे काय होत असेल?

मग दाणा. कोंबडीवर्गीय पक्ष्यांच्या धंद्यात खर्चाचा सर्वांत मोठा वाटा त्याचाच. आपल्याला वाटते, घरची ज्वारी आहे, सरकीची ढेप आहे, विकत कशाला घ्या? इथेच फसगत होते. बटेराच्या पिल्लाला खाद्यात शेकडा 24 च्या वर प्रथिने लागतात. ज्वारीत ती दहाच्या आसपास. नुसत्या ज्वारीवर पिल्लू जगेल, वाढणार नाही. पांढरी, कोरडी ज्वारी मक्याच्या जागी मिसळता येते, पण पावसात काळी पडलेली मुळीच नाही. बुरशीचे विष यकृत खाते. ढेपेत गॉसिपॉल असते. बैलाला चालणारी ढेप या पक्ष्याची वाढ खुंटवते, अंड्याचा बलकही बिघडवते. सोयाबीन कच्चे दिले तर पचत नाही, तेल काढलेली भाजलेली पेंडच हवी. अंड्यावरच्या मादीला चुनाही लागतो, नाहीतर कवच पातळ पडते.

म्हणजे प्रथिनांचे खाद्य बाजारातून आणायचे, त्याच्या भावाने आणायचे, आणि पक्षी व्यापाऱ्याच्या भावाने विकायचा. कापसातही हेच नाही का?

सरकारचाही भरवसा धरू नका. 2011 साली केंद्राच्या पर्यावरण खात्याने पाळीव जपानी बटेरालाही वन्यजीव कायद्यात धरून नवे परवाने थांबवले. 2013 मध्ये ही बंदी उठली. मधल्या काळातल्या पिंजऱ्यांचा आणि कर्जाचा हिशेब कोणी दिला?

बटेर पाळू नका असे माझे म्हणणे नाही. शंभर पक्ष्यांपासून सुरुवात करा, एक उन्हाळा काढा. पिल्ले देणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: खाद्याचा भाव काय, मेलेल्या पिल्लांचा तोटा कोणाचा, तयार पक्षी कोण आणि कोणत्या भावाने घेणार? उत्तर कागदावर घ्या. तोट्यातल्या शेतीला तोट्यातला जोडधंदा जोडला, तर बेरीज तोट्याचीच येते.

आधी हिशेब मांडा, मग पिंजरा.