दिल्लीचा फ्लू दिवाळीची वाट पाहत नाही

उत्तर दिल्लीच्या रिजवर ‘हिंदूराव’ नावाचे महापालिकेचे रुग्णालय आहे. हे नाव मराठी कानाला ओळखीचे वाटते, कारण ते मराठीच आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू असलेल्या हिंदुरावांचा वाडा याच टेकडीवर होता. १८५७ साली दिल्लीला वेढा घालणाऱ्या इंग्रजी फौजेची मुख्य चौकी याच वाड्यात होती. त्या फौजेचा सेनापती हेन्री बर्नार्ड ५ जुलै रोजी, ऐन पावसाळ्यात, मेला तो गोळीने नव्हे, पटकीने. रोगालाही ऋतू असतो आणि तो ओळखला नाही तर तोफाही कामास येत नाहीत, हे या टेकडीने तेव्हाच पाहिले आहे.

आज प्रश्न हंगामी फ्लूचा आहे. पावसाळ्यात दिल्लीत चर्चा होते ती डेंग्यूची. फ्लूची आठवण येते ती थंडीत, आणि मग ऑक्टोबरात लसीची शोधाशोध सुरू होते. हे वेळापत्रक युरोप-अमेरिकेचे आहे. दिल्लीच्या विषाणूने ते कधीच मान्य केलेले नाही.

याचा पुरावा नवा नाही. दिल्ली आणि श्रीनगर येथील फ्लूच्या नोंदींची तुलना करणारा अभ्यास ‘इमर्जिंग इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही शहरे उत्तर गोलार्धातील, अक्षांशांत अंतर जेमतेम साडेपाच अंशांचे. तरीही श्रीनगरचा कळस हिवाळ्यात, तर दिल्लीचा जुलै ते सप्टेंबरमध्ये आढळला. निष्कर्ष सरळ होता : श्रीनगरने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लस घ्यावी, दिल्लीने मे-जूनमध्ये. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या सहभागाने देशातील अनेक शहरांच्या नोंदींवर झालेल्या पुढील अभ्यासानेही बहुतांश भारतासाठी पावसाळ्यापूर्वीच्या लसीकरणाचीच शिफारस केली.

लसीचे गणित वेळेवर चालते. टोचल्यानंतर पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि पुढच्या काही महिन्यांत संरक्षण ओसरू लागते. ऑक्टोबरात टोचलेली लस पुढच्या जुलैत नऊ महिन्यांची जुनी असते. दरम्यान विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनेही बदललेली असू शकतात. लसीची लाट आणि विषाणूची लाट यांची कला जुळली नाही, तर लस निर्दोष असूनही तिचा पुष्कळसा उपयोग वाया जातो. मराठीत याला वरातीमागून घोडे म्हणतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो. २०१५ ची मोठी साथ, जिच्यात देशात ४२ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, ती मुख्यतः वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत पसरली होती. मग थंडीच खरी नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. भारतात जानेवारी ते मार्च हा दुसरा उंचवटा असतोच, त्यामुळे मे महिना हुकलेल्याने ऑक्टोबरात लस घेणे निरर्थक नाही. परंतु दुसऱ्या लाटेचे अस्तित्व पहिलीकडे पाठ फिरवण्याचे कारण होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे : “लस घेऊनही फ्लू होतो.” होतो. विषाणूशी लस चांगली जुळली त्या वर्षीही डॉक्टरकडे जावे लागण्याची शक्यता ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनीच घटवते. पण जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसे फ्लूमुळे होणाऱ्या श्वसनविकाराने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या संख्येपुढे जवळपास निम्म्याने घटणाऱ्या धोक्याला क्षुल्लक म्हणणारा सीटबेल्टलाही क्षुल्लकच म्हणेल.

खरा दोष नागरिकाच्या आळसापेक्षा धोरणाच्या अर्धवटपणात आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस घेण्याची शिफारस करतात, पण राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात तिला स्थान नाही. महाराष्ट्राने २०१५ पासून गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि उच्च रक्तदाबाचे रुग्ण यांना ती मोफत देण्यास सुरुवात केली, म्हणजे हे अशक्य नाही. अन्यत्र बहुधा सल्ला सरकारचा आणि खर्च रुग्णाचा. हिंदूरावसारख्या सुमारे ९०० खाटांच्या रुग्णालयात येणारा रुग्ण खासगी दवाखान्याचा दर परवडत नाही म्हणूनच तिथे आलेला असतो. याच रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांना ऑक्टोबर २०२० मध्ये, ऐन कोविडकाळात, थकलेल्या वेतनासाठी संप करावा लागला होता. जी व्यवस्था आपल्या डॉक्टरांचे वेतन वेळेवर देऊ शकली नाही, तिने त्यांना स्वखर्चाने लस घेण्याचा उपदेश करणे शोभत नाही.

मागणी मोठी नाही. जागतिक आरोग्य संघटना दक्षिण गोलार्धासाठीची लसरचना सप्टेंबरातच जाहीर करते. तिच्यानुसार तयार झालेली लस एप्रिल-मेमध्ये महापालिकेच्या रुग्णालयांत पोहोचावी. ती प्रथम वॉर्डातील परिचारिका, सफाई कर्मचारी आणि डॉक्टरांना, नंतर गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि दीर्घ आजाराच्या रुग्णांना मोफत मिळावी. विज्ञानाने तारीख केव्हाच सांगितली आहे. आता ती सरकारी आदेशात आणि रुग्णालयाच्या शीतपेटीत दिसली पाहिजे, आणि तीही पहिल्या पावसाच्या आधी.