जुनं कालनिर्णय टाकण्याआधी

डिसेंबर संपत आला की घरोघरी एक काम ठरलेलं. नवं कालनिर्णय खिळ्यावर चढतं, जुनं रद्दीत जातं. जयंतराव साळगावकरांनी ही दिनदर्शिका १९७३ साली सुरू केली, तेव्हापासून तिच्या मागच्या पानावरच्या पाककृती कापून ठेवणारी घरं पुष्कळ. पुढच्या पानावर घरच्यांनी जे खरडलेलं असतं, ते मात्र कोणी कापून ठेवत नाही. दुधाचे खाडे, सिलिंडर लावला ती तारीख, कामवाल्या ताईंची सुट्टी, बाबांची उपाशीपोटीची शुगर, मुलाच्या क्लासचा हप्ता, मामा आले ते, मामा गेले ते. घराचं अख्खं वर्ष बारा पानांवर, अर्धं पेन्सिलीनं आणि अर्धं न चालणाऱ्या पेननं.

माझं सांगणं एवढंच आहे की ते टाकण्याआधी एक दुपार काढा. घरातल्या सगळ्यांनी बसा आणि त्यातलं कामाचं तेवढं एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून घ्या. प्रवास, नोकरी-धंदा, दुखणीखुपणी, घरखर्च. वर्षाला आठ-दहा पानं लागतील. दोनशे पानी वही घेतलीत तर वीसेक वर्षं नवी घ्यावी लागणार नाही.

‘फोनमध्ये असतं की सगळं’, असं लगेच कोणीतरी म्हणेल. असतात ते फोटो. महाबळेश्वरला कणीस खाल्लं ते फोनला माहीत असतं. त्याच सहलीत आईला पायऱ्या उतरताना पहिल्यांदा गुडघ्याला हात लावावा लागला, हे फोनला ठाऊक नसतं. आणि फोन दोन-चार वर्षांनी बदलतो, पडतो, पाण्यात जातो. फोनमध्येही ठेवा, हरकत नाही. पण वही हवी, कारण ती टेबलावर उघडी ठेवून चौघांना एकदम वाचता येते.

नोंदी ठेवणं आपल्याला नवं नाही, फक्त आपण ते दुसऱ्यांवर सोडलेलं आहे. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेलात तर तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात आणि लांबुळकी वही काढून तुमच्या पणजोबांचा तिथला मुक्काम दाखवतात, कधीकधी त्यांच्या सहीसकट. आपल्या घरात मात्र पणजोबांचं एक अक्षर नसतं. वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. पुढे चिंतामणराव वैद्यांनी गळ घातली म्हणून त्यांनी ती हकिगत लिहून दिली आणि १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ छापून आलं. कोणी मागितलंच नसतं तर? तुमच्या घरात कोणी मागायची वाट बघू नका.

सुरुवात तब्येतीपासून करा, कारण वहीचा सगळ्यात मोठा उपयोग तिथे होतो. कुठल्याही दवाखान्यात बसून बघा. डॉक्टर विचारतात, ‘त्रास कधीपासून?’ काका म्हणतात, ‘झाले असतील महिना-दोन महिने.’ शेजारून काकू, ‘अहो, दसऱ्याला सोनं वाटायला गेलो तेव्हाच दम लागला होता ना!’ मग दसरा किती तारखेला होता यावर चर्चा, आणि बाहेर वीस पेशंट ताटकळलेले. ‘कधीपासून’ या प्रश्नावर निम्मं निदान अवलंबून असतं आणि नेमकं तेच आपण अंदाजानं सांगतो.

म्हणून प्रत्येक माणसाला एक पान द्या. वर रक्तगट आणि कशाची ॲलर्जी असेल तर ती, ठळक अक्षरात. खाली या वर्षी काय दुखलं, कोणत्या महिन्यात, कोणाला दाखवलं, काय निघालं. चालू गोळ्यांची नावं लिहिताना कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा लिहा. दुसऱ्या गावात किंवा परराज्यात ती कंपनी मिळेलच असं नाही. मूळ नाव सगळीकडे चालतं. वजन दर तीन महिन्यांनी लिहा. वाढलेलं वजन चारचौघांत लोकच सांगतात. कमी होत गेलेलं मात्र ‘बारीक झालात, छान दिसता’ म्हणून कौतुकात वाहून जातं, आणि न ठरवता उतरलेलं वजन हे डॉक्टरांना वेळेवर कळायला हवं असं लक्षण आहे.

डायबेटीस असेल तर बोटातून थेंब काढून आलेले रोजचे आकडे उतरवत बसू नका. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात ती एचबीएवनसी तपासणी जेव्हा होईल तेव्हाचा आकडा पुरे. घरी बीपी मोजत असाल तर आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसा, दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधून घाबरणारे लोक मी भरपूर पाहिलेत.

आणि ईसीजी. बहुतेक ठिकाणी तो थर्मल कागदावर निघतो, आणि तो कागद फाइलमध्ये दोन उन्हाळे काढतो तोवर रेघा पुसट होतात. छातीत दुखतंय म्हणून पेशंट आला तर डॉक्टरांना आजच्या ईसीजीइतकाच जुना ईसीजी हवा असतो. बदल ताजा आहे की पूर्वीचाच, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय सांगणं अवघड. तेव्हा काढला त्याच दिवशी झेरॉक्स करा आणि वहीच्या त्या पानाला टाचून ठेवा.

आजार कोणत्या महिन्यात, कोणत्या साली निघाला, याचं मोल विम्याच्या वेळी कळतं. फॉर्मवर तो प्रश्न असतो आणि एजंट घाईत ‘काही नाही’ असं लिहून मोकळा होतो. तसं करू देऊ नका. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते, हा नियम २०२४ पासूनचा. ही तीन वर्षं सरतात. लपवलेला आजार मात्र नेमका क्लेमच्या वेळी वर येतो. घरात ७० च्या पुढचं कोणी असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. कार्ड काढलंय का आणि जवळचं कोणतं रुग्णालय त्या योजनेत आहे, हे दोन्ही लिहून ठेवा. रात्री दोन वाजता कोणी चौकशी करत नाही, जवळ असेल त्या दारात गाडी उभी राहते.

आता प्रवास. काय काय पाहिलं ते लिहू नका, ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. पुढच्या खेपेला जे उपयोगी पडेल ते लिहा. आंबोली घाटात कोणाला गाडी लागली, कुलदैवताच्या गावी कोणाकडे उतरलो, गुरुजींचा नंबर काय, अभिषेकाला आणि जेवणाला किती झाले, जेजुरीच्या पायऱ्यांवर आजी कुठे बसल्या. हे शेवटचं विशेष महत्त्वाचं. वणीला आता गडावर ट्रॉली आहे, सगळीकडे ती नाही. तीन वर्षांची पानं उलटलीत की कळतं, यंदा आजींना कुठे न्यायचं आणि कुठून आपणच प्रसाद आणायचा.

त्याच पानावरून पुढच्या वर्षाच्या तारखा काढा. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांची जुनी सवय अजून सुटलेली नाही. काही जण मे महिन्यातच खिडकीवर जाऊन परत येतात, काही जुलैमध्ये जागे होतात तोवर वेटिंग लिस्ट लांबलेली. नव्या कालनिर्णयावर चतुर्थीला गोल करून भागणार नाही, ती छापलेलीच आहे. निघायच्या दिवसापासून ६० दिवस मागे मोजा आणि त्या तारखेला गोल करा. सकाळी आठ.

एसटीनं फिरणाऱ्यांसाठी एक-दोन ओळी. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ मध्ये अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती बंदच. तरीही आजी-आजोबांना नातवाकडे जायचं म्हटलं की आपण सवयीनं रेल्वे बघतो. तुमचे दोन्ही खर्च वहीत लागोपाठ असतील तर सवय मोडायला मदत होईल.

नोकरीच्या पानावर फार लिहायचं नसतं, पण जे लिहायचं ते चुकवू नका. कोण कुठे कधी लागलं, कधी सोडलं, पगार किती झाला. नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या खात्यावर चढली की नाही, हे तेव्हाच बघा. ती चढलेली नसली की पैसे काढताना किंवा नव्या खात्यात नेताना अडतं, आणि तोवर जुन्या कंपनीतला ओळखीचा माणूसही सोडून गेलेला असतो. छोट्या-छोट्या चार कंपन्यांत उमेदवारी केलेल्या मुलांना सांगा की पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि आधीची सेवा जोडून घेतली तर ती धरली जाते. तुकड्यांचा हिशेब ठेवला तरच दहा भरतील.

रजाही लिहा. महाराष्ट्रात वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेली दुकानं आणि कार्यालयं २०१७ च्या कायद्याखाली येतात. त्यात वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे आणि ती वापरली नाही तर बुडते. ‘सुट्टीच मिळत नाही’ म्हणणाऱ्या किती जणांच्या या आठांतल्या पाच बुडाल्या, ते डिसेंबरात कळून उपयोग नाही. जूनमध्ये एकदा वही उघडा.

याच पानावर घरातल्या बाईचं वर्षही लिहायचं आहे. जुने कुळवृत्तांत उघडून बघा, पुरुषाच्या नावापुढे शिक्षण, हुद्दा, बदल्या, आणि बायकोच्या नावापुढे माहेरचं आडनाव, संपलं. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रात्री कोण राहिलं, मुलीच्या दहावीसाठी नोकरीत बिनपगारी रजा कोणी घेतली, हे नोकरीच्याच पानावर आलं पाहिजे. जिचं काम लिहिलेलं नसतं तिला ‘तू काय करतेस दिवसभर’ हे ऐकावं लागतं.

घरखर्चाचं पान सगळ्यात मजेचं होतं. सिलिंडर किती दिवस गेला, वीजबिल कोणत्या महिन्यात उसळलं, दुधाचा भाव जानेवारीत काय होता आणि आता काय आहे. पण मी आग्रह करीन तो वर्षाच्या मसाल्याचा. एप्रिल-मेमध्ये मिरची कोणती आणि किती घेतली, बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे किती, काय तेलावर भाजलं आणि काय कोरडं, दळून किती भरला, कोणाकोणाला दिला, कधी संपला. सासूबाई हे सगळं हातानं जाणतात आणि विचारलं तर ‘अंदाजानं’ म्हणतात. यंदा त्यांच्या शेजारी वजनकाटा घेऊन बसा. त्या चिडतील. तरी बसा. लोणच्याला बुरशी आली असेल तर तेही लिहा: कैऱ्या पावसाआधीच्या होत्या की नंतरच्या, मीठ किती धरलं होतं, बरणी उन्हात ठेवली होती का.

काही गोष्टी वहीत अजिबात नकोत. एटीएमचा पिन, पासवर्ड, कोणाचे ओटीपी, यातलं काही नको. वही पाहुण्यांच्याही हाती लागते. बँक कोणती, शाखा कोणती, नॉमिनी म्हणून कोणाचं नाव लावलंय, एवढं पुरे. नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, तेव्हा लग्नाआधी लावलेलं आईचं एकटीचं नाव अजून तसंच असेल तर बदल करून घ्या आणि तारीख टाका. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. परत मिळतात, पण आधी त्या आहेत हे वारसांना माहीत तर हवं. पेन्शनवाल्यांच्या पानावर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, दिला की बरोबरची खूण.

लिहिणारा एकच नेमू नका. अक्षर चांगलं म्हणून सगळं मुलीच्या गळ्यात घालाल तर तिचं लग्न झालं की वही बंद. ज्याचं पान त्यानं लिहावं, आजोबांनी सांगावं आणि नातवानं उतरवावं. पुण्यात, दुबईत, न्यू जर्सीत असलेल्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या. ते लांब असल्यामुळे त्यांना घरातल्या तारखा आपल्याहून चांगल्या आठवतात. पहिल्या बैठकीत वाद होतील. बोअरवेल आटली ती होळीआधी की नंतर, काकांना चष्मा लागला तो कोणत्या साली, टीव्ही कोणाच्या पैशानं आला. अर्धा तास त्यात जाईल. नाहीच मिटलं तर दोन्ही तारखा लिहा, पुढे कोण म्हणतं त्याचं नाव टाका आणि चहा ठेवा.